पेटी घरी ठेवून

साधनागृहाकडून आलेल्या यादीत चादर, टॉवेल, स्वेटर, बॅटरी, पवित्र शास्त्र आणि एक कोरी वही एवढंच होतं. खाली एक ओळ होती: मोबाइल पहिल्याच संध्याकाळी ऑफिसात जमा करावा लागेल. शाळेच्या सहलींच्या याद्या करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे यादीत काय नाही ते मला आधी दिसतं. गीतांचं पुस्तक नव्हतं. मी लगेच मैत्रिणीला फोन लावला. ती मूळची वसईची, कॅथलिक. आमच्याच शाळेत गणित शिकवायची आणि मे महिन्यात न चुकता या मौनसाधनेला जायची. मला तिथे धाडण्याचा उद्योग तिचाच.

"अगं, उपासना संगीत घेऊ ना बरोबर?"

"कशाला? तिथे गायचं नाहीये."

"मिस्साच्या उपासनेला तरी गातील ना?"

"गातील एखादं. तू ऐक. आणि पेटी आणू नकोस बाई, तुझा काही भरवसा नाही."

टोमणा बिनबुडाचा नव्हता. नगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी म्हणजे मी, हे कित्येक वर्षांचं समीकरण. वडील वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून मी शिकले आणि त्यांच्यानंतर ती जागा आपसूक माझ्याकडे आली. रविवारची उपासना, प्रभुभोजन, नाताळ, लग्न असो की माती, पेटीवर मीच. कुठल्या गाण्याला कुठली पट्टी, कुठल्या ओळीवर म्हाताऱ्यांचा दम तुटतो, उपदेश लांबला तर शेवटचं गाणं कितव्या कडव्यावर आवरायचं, हे पाळकसाहेबांपेक्षा मला जास्त ठाऊक. प्रार्थनेचंही तसंच. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना शब्दांचं वावडं नाही. कुणी म्हटलं "बाई, प्रार्थना करा", की डोळे मिटून उभं राहायचं, वाक्यं आपोआप लागतात. आजाऱ्यांसाठी, दहावीच्या मुलांसाठी, पावसासाठी, सरकारसाठी.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. आमच्यासारखी घराणी तेव्हापासून मिशनच्या सावलीत वाढली. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची. 1970 साली बऱ्याच मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी म्हातारी माणसं अजून 'मिशन'च म्हणतात. याच मिशनमध्ये नारायण वामन टिळक होते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्येच वीसेक वर्षं काम केलं आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे भक्त एका जागी यावेत, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. त्यांची पदं आमच्याकडे दर रविवारी होतात. नोकरी सोडण्याच्या त्या प्रकरणाला मात्र कुणी चाल लावलेली नाही, म्हणून ते कुणाच्या तोंडी नसतं.

एक बाजूची गोष्ट इथेच सांगून टाकते. टिळकांच्या सोडण्याचा हिशेब टिळकांना विचारू नये, लक्ष्मीबाईंना विचारावा. पुरुष सोडतो तेव्हा बहुधा कुणीतरी बाई मागे राहून निस्तरत असते. अब्राहामाला देवाने देश आणि बापाचं घर सोडून निघायला सांगितलं; तंबूत काय न्यायचं आणि काय टाकायचं हे सारेनेच ठरवलं असणार, पण उत्पत्तीच्या पुस्तकात त्याबद्दल चकार शब्द नाही. मी घरातून आठवडाभर निघू शकले त्याला कारण निवृत्ती आणि मुलाचं पुण्यात बस्तान, हे दोनच. दहा वर्षांपूर्वी हीच यादी आली असती तर चादरीपुढे वाचलीच नसती.

साधनागृह खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर. लांबलचक व्हरांडा, एका रांगेत खोल्या. खोलीत कॉट, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. आमच्या क्रूसावर ख्रिस्त नसतो, कारण तो उठला आहे. यांच्या क्रूसावर असतो. पहिल्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपले. मनात काही अढी नव्हती, फक्त सवय नव्हती.

मौन म्हणजे काय याची मला जी कल्पना होती, ती जेवणाच्या हॉलमध्येच मोडली. मला वाटलं होतं, कमी बोलायचं. तिथे "मीठ द्या"सुद्धा म्हणायचं नसतं. समोरची बाई माझ्या ताटाकडे बघून मिठाची वाटी सरकवते, आपण मान डोलवतो, संपलं. चहा दोन वेळा मिळायचा, चांगला आल्याचा. पण कप हातात घेऊन व्हरांड्यात उभी राहिले, तर चव लागेना. चहात मला जे हवं असायचं ते चहात नव्हतंच, शेजारच्या खुर्चीत होतं.

या साधनेची घडण इग्नेशियस लोयोलाची. मी त्यांच्याविषयी मैत्रिणीकडून थोडंफार ऐकलं होतं, बाकीचं तिथे साधना घेणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं. स्पेनमधला सरदार घराण्यातला माणूस. 1521 च्या मे महिन्यात पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा पायाला लागला. हाड वाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली उंचवटा राहिला. घट्ट बूट घालून दरबारात मिरवता येणार नाही म्हणून पठ्ठ्याने तो उंचवटा करवतीने कापून घेतला, आणि तोही भूल न देता, कारण तेव्हा भूल नव्हतीच. अंथरुणावर वाचायला ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच मिळालं. बरा झाल्यावर मोंसेरातला गेला. 1522 च्या मार्चमध्ये एका रात्री अंगावरचे उंची कपडे भिकाऱ्याला दिले, गोणपाटाचा अंगरखा चढवला, तलवार वेदीपाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी एक माणूस धावत मागे आला आणि विचारू लागला, ते कपडे खरंच तुम्ही दिलेत का? भिकाऱ्याला चोर समजून पकडलं होतं. इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी आलं. संतकथांमध्ये सहसा दानावरच पडदा पडतो. इथे दान ज्याच्या पदरात पडलं त्याचं पुढे काय झालं हेही येतं, म्हणून मला ही गोष्ट खरी वाटते.

पुढे मांरेसा गावी वर्षाला थोडे कमी इतके दिवस तो राहिला. तिथल्या अनुभवांतून जी टिपणं झाली त्यांचीच ही साधना. 1548 साली पोपने तिला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, चार 'आठवड्यां'त मांडलेली. पहिल्यात आपलं पाप आणि देवाची दया, दुसऱ्यात येशूचं जीवन, तिसऱ्यात दुःखसहन, चौथ्यात पुनरुत्थान. आमची आठ दिवसांची आवृत्ती. दिवसाला चार-पाच वेळा एकेक तासाची प्रार्थना, संध्याकाळी मिस्सा, आणि दिवसातून एकदा सिस्टरांबरोबर अर्धा-पाऊण तास बोलणं. तेवढंच बोलणं.

सिस्टर माझ्याहून वयाने बऱ्याच लहान, मराठी सफाईदार. पहिल्या भेटीत मी त्यांना माझी माहिती दिली, पेटीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि पद्धत सांगितली. शास्त्रातला लहानसा भाग घ्यायचा. आधी ती जागा डोळ्यांपुढे आणायची: रस्ता कसा आहे, घर केवढं आहे, वास कसला येतोय. मग आपल्याला काय हवंय ते देवाकडे एका वाक्यात मागायचं. मग त्या प्रसंगात जाऊन बसायचं. शेवटी मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलायचं. तास संपला की पंधरा मिनिटं वहीत लिहायचं, काय झालं आणि काय झालं नाही.

पहिल्या तासाला माझे शब्द दहा मिनिटांत संपले. आजारी, दहावी, पाऊस, सरकार, सगळं झालं. घड्याळात पन्नास मिनिटं शिल्लक. एकदा वाटलं, मनात तरी गावं. सिस्टरांनी तेही नको म्हटलं होतं. बंदी म्हणून नव्हे. "नेहमीचं जे आहे ते जरा बाजूला ठेवून बघा" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने बघते तर उजव्या हाताची बोटं मांडीवर काळी चारच्या पट्टीत एक पद वाजवत होती. थांबवली तर डावा हात भाता मारल्यासारखा हलायला लागला. मला हसूही आलं आणि घाबरायलाही झालं. हे हात माझ्या परवानगीशिवाय उपासना चालवत होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना सांगितलं, "काही होत नाही. कोरडं ठाक आहे. तासाऐवजी अर्धा तास बसले तर?"

त्या म्हणाल्या, "इग्नेशियस नेमकं उलटं सांगतात. कोरडं वाटेल त्या वेळी तासापेक्षा मिनिटभर जास्त बसा."

"मिनिटभराने काय होणार?"

"काही नाही. फक्त पळून जायचं की नाही, हे कोरडेपणा ठरवणार नाही. ते तुम्ही ठरवाल."

मग त्यांनी गणनाच्या पुस्तकातला अकरावा अध्याय दिला. मिसर, म्हणजे इजिप्त देशातून सुटून आलेले लोक रानात रडतात. कशासाठी, तर तिथे फुकट मिळणाऱ्या माशांसाठी, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण यांच्यासाठी. रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडतंय, पण तोंडाला चव नाही. हा भाग मी रविवारच्या शाळेत कितीतरी वेळा शिकवला होता. मुलांना सांगायचे, बघा, कसे कृतघ्न लोक. त्या तासाला मात्र मी त्या बायकांमध्ये जाऊन बसले आणि मला त्यांचा राग येईना. आमच्याकडे कांदालसणाशिवाय वाटण होत नाही. पाठीवर चाबूक बसत असेल, विटांचा हिशेब रोज द्यावा लागत असेल, पण संध्याकाळी चुलीवर जो वास यायचा तो ओळखीचा होता, आणि त्या वासाने घर उभं राहायचं. गुलामी त्यांना आवडत होती असं नव्हे. गुलामीतलं जेवण कसं करायचं ते त्यांना येत होतं. मान्नाचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तो तास मी पूर्ण बसले. वर एक मिनिट.

सिस्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अध्याय दिला. तोच धडा पुन्हा? मी शिक्षिका, मला झालेला धडा झालेला असतो. कळलं ते असं की या साधनेत पुनरावृत्ती मुद्दाम ठेवलेली आहे. जिथे काहीतरी हललं तिथेच परत जायचं, नवीन माहितीसाठी पुढे धावायचं नाही. ही गोष्ट मला आपल्या सगळ्या शिक्षणपद्धतीपेक्षा शहाणी वाटली, असो.

मिस्साचं मात्र वेगळंच झालं. कॅथलिक नसलेल्यांना तिथे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, देत नाहीत. हे मला आधी माहीत होतं आणि सिस्टरांनीही मृदूपणे सांगितलं होतं: हात छातीवर आडवे ठेवून रांगेत या, फादर आशीर्वाद देतील. पहिल्या संध्याकाळी मी उठले नाही. माझ्या बाकावरच्या सगळ्या बायका उठून गेल्या, गुडघे वळवून मी त्यांना वाट दिली, आणि रिकाम्या बाकावर एकटी राहिले. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी मी पेटीवर असते. लोक येतात, गुडघे टेकतात, जातात. शेवटी पाळकसाहेब भाकर आणि प्याला माझ्यापाशी घेऊन येतात. मला कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही. इथे रांग होती आणि माझी जागा रांगेतही नव्हती.

राग आला. ख्रिस्ताचं शरीर एक म्हणता आणि दार लावता? आजही त्या नियमाबद्दल माझं मत बदललेलं नाही. टिळकांच्या दरबाराची मी मुलगी, मला ते पटणारही नाही. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते मौनामुळे दिसलं, एरवी मी मैत्रिणीशी तासभर भांडून मोकळी झाले असते. मंडळीत मी वाजवत नसेन, प्रार्थना सांगत नसेन, तर देवापुढे मी कोण म्हणून बसायचं, हे मला सुचत नव्हतं. इथे कुणी मला ओळखत नव्हतं, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. नंतरच्या एका संध्याकाळी मी हात आडवे ठेवून रांगेत गेले. फादरांनी कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली. बस्स. मी परत येऊन बसले आणि राग होता तसाच होता, फक्त त्याला धरून बसायची गरज उरली नाही.

मग सिस्टरांनी तीन जोड्यांची गोष्ट दिली. ही इग्नेशियसच्या टिपणांतलीच. तीन जोड्या माणसांना प्रत्येकी दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळाले आहेत. वाईट मार्गाने नाही, पण निव्वळ देवाच्या प्रेमापोटीही नाही. तिघांनाही त्या पैशाची ओढ जड होते आहे, तिघांनाही तिच्यातून सुटायचं आहे. पहिली जोडी म्हणते, सुटायचं, नक्की सुटायचं; आणि मरेपर्यंत काही करत नाही. दुसरी म्हणते, ओढ जाऊ दे, पैसे राहू देत. म्हणजे देवानेच त्यांना हवं तिथे यावं. तिसरी जोडी पैसे ठेवण्याचाही हट्ट धरत नाही आणि टाकण्याचाही. देवाच्या सेवेला जे बरं पडेल ते करू, आणि ते कळेपर्यंत मनाने सोडल्यासारखे राहू, असं म्हणते.

"तुमचे डुकाट कुठले?" सिस्टरांनी विचारलं. उत्तर दोघींना ठाऊक होतं.

"पण सिस्टर, पेटी वाईट आहे का? मी देवासाठीच वाजवते."

"डुकाटही वाईट नव्हते."

मी गप्प बसले. मग त्यांनी एक काम दिलं, जे मला त्या सगळ्या मुक्कामात सर्वांत अवघड गेलं. इग्नेशियस म्हणतात, एखादी गोष्ट सोडायला मन तयार नसेल तर प्रार्थनेत मुद्दाम तीच सोडण्याची मागणी करा, मन नको म्हणत असतानाही. म्हणजे मी देवाला म्हणायचं, प्रभू, तुला हवी असेल तर पेटी घे. वाक्य एवढंच. दर रविवारी पाच-सहा मिनिटांची प्रार्थना न अडखळता करणारी मी, त्या वाक्यापाशी अडले. "तुला हवी असेल तर" इथपर्यंत यायचं, पुढे "माझं आरोग्य" म्हणून वळायचं. गुडघे द्यायला मी तयार होते. गुडघे तसेही गेलेलेच आहेत.

वाक्य कधीतरी पूर्ण झालं. विजेसारखं काही चमकलं नाही. उलट त्यानंतर मला असा उत्साह चढला की मी सिस्टरांना जाऊन सांगितलं, "घरी गेले की पेटी देऊनच टाकते. आहे एक गरजू मंडळी."

त्या शांतपणे म्हणाल्या, "आज काही ठरवू नका."

ही त्यांची युक्ती नव्हती, तोही नियमच आहे. मन खचलेलं असेल तेव्हा आधीचा निर्णय मोडू नये, आणि मन उचंबळून आलं असेल तेव्हा मार्गदर्शकाने घाईघाईने नवस-शपथा करू देऊ नयेत. मग त्यांनी मांरेसाची गोष्ट सांगितली. इग्नेशियसने तिथे देहाची आबाळ करायची म्हणून केस आणि नखं वाढवली होती. पूर्वी केसांची फार निगा राखायचा, म्हणून हा उलटा टोकाचा प्रकार. पुढे लोकांशी बोलू लागला, त्यांना त्याचा उपयोग होतो असं दिसलं, तेव्हा त्याने नखंही कापली आणि केसही. सोडण्याचीसुद्धा ऐट असते. ती मला चांगलीच चढली होती. मनातल्या मनात मी पेटी देण्याचा छोटा समारंभही ठरवला होता.

शेवटाकडे मार्कच्या दहाव्या अध्यायातला बार्तिमय आला. त्याच अध्यायात थोडं आधी तो श्रीमंत माणूस येऊन गेलेला असतो, ज्याने सगळ्या आज्ञा पाळल्या आहेत आणि 'आहे ते विकून टाक' म्हटल्यावर जो खिन्न होऊन परत जातो. काही ओव्यांनंतर, यरीहोच्या रस्त्याकडेला हा आंधळा भिकारी. येशू बोलावतो तसा तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. मी रस्ता बघितला: धूळ, गाढवं, सणाला निघालेल्या लोकांची गर्दी. मग ते वस्त्र बघितलं. रात्री पांघरायचं तेच, दिवसा पुढ्यात पसरून पैसे झेलायचे तेही तेच. आंधळ्या माणसाने गर्दीत वस्त्र टाकलं म्हणजे ते परत सापडायचं नाही. आणि अजून त्याला दिसायला लागलेलं नाही, हे महत्त्वाचं. डोळे मिळाल्यावर त्याने सोडलं असतं तर तो साधा व्यवहार होता.

येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? प्रसंगात मी त्याच्या शेजारीच उभी होते, म्हणून प्रश्न माझ्याकडेही आला. सवयीने यादी सुरू झाली आणि आजाऱ्यांपाशीच थांबली, कारण त्याने इतरांचं विचारलंच नव्हतं. मला काय हवंय ते मला सांगता येईना. बराच वेळ मी तशीच उभी राहिले, रिकाम्या हातांनी. बोटं हलत नव्हती. कुणी गात नव्हतं. आणि मला तिथून कुठेही जायचं नव्हतं. आनंद, शांती असे शब्द आम्ही उपासनेत सहज वापरतो, ते मी त्या तासाच्या नोंदीत लिहायला गेले आणि खोडले. वहीत शेवटी एवढंच आहे: "काही आणलं नाही. चाललं."

समारोपाला इग्नेशियसची ती प्रसिद्ध प्रार्थना होती, ज्यात माणूस देवाला म्हणतो की माझं स्वातंत्र्य, माझी स्मृती, बुद्धी, इच्छा, सगळं घे, तुझं प्रेम आणि कृपा दे, तेवढी पुरे. यादीत पहिला नंबर स्वातंत्र्याचा. आरंभीच ते देऊन टाकायचं असेल तर मग आम्ही इथे कशासाठी आलो होतो, असं मी सिस्टरांना शेवटच्या भेटीत विचारलं. त्या म्हणाल्या, "जे आपलं नाही ते देता येतं का?" याचं उत्तर मी अजून शोधते आहे. गणितवाली मैत्रीण म्हणते सोपं आहे. तिला सगळंच सोपं वाटतं.

घरी आल्यावर लगेच काही केलं नाही. पावसाळा गेला. मग पाळकसाहेबांना भेटून सांगितलं, रविवारची पेटी आता तरुणांपैकी कुणाला तरी द्या, मी शिकवीन. त्यांना वाटलं कुणी काही बोललं. मग वाटलं तब्येत बरी नाही. तिसरा तर्क मंडळीतल्या बायकांचा: बाई कॅथलिक झाल्या. हा तर्क अजून पूर्ण मेलेला नाही, कारण मी खंडाळ्याहून येताना कपाळावर हात नेण्याची सवय घेऊन आले की काय, हे काहीजणी बघत असतात.

आता एक कॉलेजचा मुलगा कीबोर्ड वाजवतो. त्यात ठेक्याचं बटण आहे आणि ते त्याला फार आवडतं. टिळकांच्या पदाला त्याने एकदा असा ठेका लावला की मला बाकाची कड घट्ट धरावी लागली. खालून ऐकताना मात्र मला बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजी वर्षानुवर्षं एक कडवं चुकीचं म्हणतात आणि त्यांचं चुकीचं कडवंच जास्त अर्थाचं आहे. उपदेश चालू असताना मी आता शेवटच्या गाण्याची कडवी मोजत नाही, त्यामुळे उपदेश ऐकू येतो; हा लाभच आहे असं दर रविवारी म्हणवत नाही. नाताळच्या आधी मुलाने विचारलं, पट्टी कुठली घेऊ? मी म्हटलं, तुझ्या गळ्याला बघू नकोस, शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना बघ, दोन सूर खाली घे. ऐकलं त्याने. एका मातीच्या वेळी तो परीक्षेला गेलेला होता. घरच्यांनी मला बोलावलं, मी गेले आणि वाजवलं. हात विसरले नव्हते. दुसऱ्या रविवारी मी परत बाकावर होते आणि त्याचं मला काही वाटलं नाही. यातला हा शेवटचा भाग मला पूर्वी जमला नसता.

मंडळीतल्या काही बायका विचारतात, आम्हाला जमेल का? त्यांच्या घरी सासू आहे, नातवंडं आहेत, डबे आहेत. आठवडाभर खंडाळ्याला कोण सोडतं? इग्नेशियसने याचाही विचार केलेला आहे. कामधंद्यात अडकलेल्या माणसाने घरीच राहून रोज दीडेक तास काढावा आणि हीच साधना सावकाश करावी, असं त्याच्या एकोणिसाव्या टीपेत आहे. सोबत आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा मार्गदर्शकाशी बोलायचं. सिस्टर फोनवर ते करतात. दोघींनी सुरुवात केली आहे. एकीला विचारलं, घरात कुठला आराम सोडलास? ती म्हणाली, आराम कधी होता? आधी तासभर बसायला शिकते, सोडायचं मग बघू. तिच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड पहाटे येतं. पाण्याच्या दिवशी तिची प्रार्थना हंडे भरून झाल्यावर सुरू होते आणि दूधवाला आला की तुटते. उरलेली मिनिटं ती दुपारी भरते, वर एक मिनिट धरून.